पुस्तकातल्या दुसरीचं स्थळ

सासूबाईंना प्रेमकथा मोठ्यानं वाचून दाखवायचा प्रसंग ज्यांच्यावर आलेला नाही, त्यांनी तो ओढवून घेऊ नये. पुस्तक इंग्रजी, सासूबाई कराडच्या पुढच्या एका गावातल्या, आणि मधे मी. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं मराठी बोलायचं. घोडे, दुष्काळ, इस्टेटीची भांडणं इथपर्यंत गाडी सुरळीत चालायची. मग नायक नायिकेच्या हनुवटीला हात लावायचा आणि माझ्या घशाला कोरड पडायची. समोर सासूबाई वाती वळत बसलेल्या. चष्मा नाकावर, कान माझ्याकडे.

"मग?" त्या विचारायच्या.

"मग ते थोडा वेळ बोलत बसले," मी म्हणायचे.

"पुन्यांदा? आत्ता तर बोलली की. लई बोलत्यात बाई ही मानसं."

एकदा धान्याच्या कोठारात तीन पानं असला मामला होता. तेव्हा मी "त्यांची सविस्तर चर्चा झाली" असं सांगून मोकळी झाले आणि चहाला आधण ठेवायला उठले.

हे सगळं चाललं होतं आमच्या आयर्लंडमधल्या नावन गावच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दुपारची भांडी झाल्यावर. नवरा हृदयात बसवायच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मी त्याच्या व्हिसाला लोंबकळत आलेली. पुण्यातली बँकेची नोकरी सोडली तेव्हा वाटलं होतं, महिनाभर आराम करू. आराम इतका झाला की मी शेजारच्या मांजराशी मराठीतून वाद घालायला लागले. मग नवऱ्यानंच लायब्ररीत नेऊन सोडलं, आणि तिथे मला दर बुधवारी संध्याकाळी भरणारं प्रेमकथावाल्यांचं मंडळ सापडलं. दहा-बारा माणसं, चहा, बिस्किटं आणि लाजलज्जा अजिबात नाही. आमची लायब्ररीवाली बाई लाल चष्म्याची, मोठ्या आवाजाची आणि लोण्यासारख्या मनाची. कुणीही काहीही म्हटलं तरी ती म्हणायची, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे झकास.

तिथेच माझी मैत्रीण भेटली. ती ऑस्ट्रेलियातली, क्वीन्सलंडच्या वरच्या अंगाची. अबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. तिच्या लोकांना त्यांचं स्वतःचं नाव आहे, ते नीट उच्चारायला तिनं मला शिकवलं आणि मी न्हाणीघरात त्याची उजळणी केली. इथे मी कुणाचीच नावं लिहीत नाही, म्हणून तेही माझ्यापाशीच राहू दे. इथल्या मीथ जिल्ह्यातला एक गवंडी कामासाठी तिकडे गेला होता, त्याच्या प्रेमात पडून ती इकडे आली. नावनच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. मी व्हिसाला लोंबकळून आलेली, ती गवंड्याच्या गळ्यात पडून आलेली, त्यामुळे आमचं जमायला वेळ लागला नाही. शिवाय दोघींना ऊन माहीत होतं.

प्रेमकथांच्या बाबतीत ती माझ्या दहा पावलं पुढे. गाडीत एक पुस्तक, पर्समध्ये एक, आणि घरी किटलीवरच्या प्रेसमध्ये, इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, चहाच्या डब्यांमागे आणखी चार. तिच्या अटी साध्या. नायकाचे हात बळकट हवेत, कुत्रं मरता कामा नये आणि शेवट गोड. आणि एक इच्छा, जी ती हसत सांगायची पण सांगायची मात्र दर वेळी. आयुष्यात एकदा तरी, शेवटच्या पानावर जिचा मुका घेतला जातो ती बाई तिच्यासारखी असावी. तिच्या लोकांपैकी. एवढी पुस्तकं वाचली, पण ती बाई अजून तिला भेटली नव्हती.

आमच्या लायब्ररीवाल्या बाईच्या कानावर हे गेलं असावं. कारण एका बुधवारी ती आनंदानं फुललेली आली आणि तिनं टेबलावर एकाच पुस्तकाच्या प्रतींचा गठ्ठा ठेवला. मुखपृष्ठावर लाल माती, एक घोडा आणि बटणं नसलेला शर्ट. "खास तुझ्यासाठी शोधलं," ती माझ्या मैत्रिणीला म्हणाली. "यात तुमच्यापैकी एक आहे."

मैत्रिणीनं मागच्या बाजूचा मजकूर वाचला. "ही पाणी शोधून देते का?" तिनं विचारलं.

"मी अजून वाचलं नाही गं," बाई म्हणाली.

"देतच असेल," मैत्रीण म्हणाली. बाहेर पार्किंगमध्ये ती मला म्हणाली, "या वेळीही तेच निघालं, तर मी या मंडळाला रामराम ठोकणार. मला आता घरी बसून खुनाच्या गोष्टी वाचायच्या आहेत. त्यात निदान सगळ्यांना सारखी वागणूक मिळते."

शेजारचं मांजर पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं.

पुस्तक मी सासूबाईंना वाचून दाखवायला घेतलं. त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, पावसामुळे घरात अडकल्या होत्या आणि टीव्हीवरच्या बायका त्यांना आगाऊ वाटायच्या. कथा अशी. मेलबर्नहून एक गोरी जनावरांची डॉक्टरीण एका अवाढव्य गुरांच्या मळ्यावर येते. मळ्याचा मालक देखणा आणि तुसडा. आणि तिथे एक अबोरिजिनल मुलगी आहे. तिला आम्ही दोघी "ती दुसरी" म्हणायला लागलो. ही दुसरी पाणी शोधून देते. हरवलेलं वासरू शोधून देते. पुढे मालक हरवतो, तोही तीच शोधून देते. ढगांकडे बघून वादळ सांगते. डॉक्टरिणीला ताप येतो तेव्हा कसला तरी पाला वाटून पाजते, आणि दर प्रकरणात एकदा क्षितिजाकडे बघून एक शहाणं वाक्य बोलते.

हा नमुना मला नवीन नव्हता. लहानपणी आमच्याकडे येणाऱ्या मासिकांत असल्या कथा ढिगानं असायच्या. शहरी साहेब जंगलात जायचा, आदिवासी मुलगी त्याच्या जखमेला झाडपाला लावायची, चांदण्यात नाचायची आणि शेवटी साहेबाला वाचवताना वाघाच्या नाहीतर सापाच्या तोंडी जायची. साहेब दोन ओळी हळहळायचा आणि पुण्याला येऊन मामेबहिणीशी लग्न करायचा. मी तेव्हा नवव्या वर्षी सुद्धा सापावर चिडत असे, लेखकावर चिडायचं सुचलं नव्हतं.

सासूबाईंना मात्र सुचलं. चौथ्या प्रकरणातच त्यांनी वात अर्धी टाकून विचारलं, "हिला आई-बाप न्हाईत?"

"लिहिलेलं नाही."

"मावशी? आत्या? कुनीच न्हाई? आभाळातनं पडली व्हय?"

"तसंच दिसतंय."

"आनि हिच्यासाठी स्थळ कोन बघतंय?"

इथे सांगायला हवं की आमच्या सासूबाई म्हणजे पंचक्रोशीतलं लग्न जुळवणारं खातं. पोरगी लग्नाची झाली की लोक आधी यांच्याकडे येतात, मग ज्योतिषाकडे. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या भाच्याचं शिक्षण काय, हे त्यांना दुसऱ्या थांब्याच्या आत कळतं. गोष्टीत एक उपवर मुलगी विनास्थळ हिंडतेय, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

शेवटचं प्रकरण आलं. डॉक्टरिणीचं आणि मालकाचं लग्न. फुलं, बँड, मोठं जेवण. आणि दुसरी? ती कुंपणापाशी उभी राहून हसते. बस्स. मी पान उलटून पाहिलं. मागे जाहिरात होती.

"सगळं हिनं केलं," सासूबाई म्हणाल्या, "आनि अक्षता पडल्या भलतीवर?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला तो चेहरा माहीत आहे. माझ्या लग्नात बँडवाला उशिरा आला तेव्हा तो चेहरा मी पाहिलाय.

आणि मला काय झालं कोण जाणे. मिटलेलं पुस्तक मी पुन्हा उघडलं, जाहिरातीच्या पानाकडे बघत म्हणाले, "थांबा आई, अजून आहे की."

मग मी सुटले. आधी स्थळ. मालकाचा भाऊ? "त्यो पितो," सासूबाईंनी फुली मारली. मग त्यांनाच आठवलं, सातव्या प्रकरणात विमानातून एक डॉक्टर येऊन गेला होता, दोन पानंच, पण हात धुऊन जेवायला बसला होता. "त्यो पोरगा चांगला हाय," त्या म्हणाल्या. झालं. डॉक्टर विमान घेऊन मुलगी बघायला आला. दुसरीनं त्याला कांदेपोहे दिले. लाल मातीच्या त्या उजाड माळावर पोहे कुठून आले, असं कुणीही विचारलं नाही. मामा हवा म्हणाल्या, मी एक मामा काढला, ट्रक चालवणारा, भावुक. हळद लागली. नऊवारी आली. रुखवतात मी चुरमुऱ्याची कांगारू ठेवली, पोटातल्या पिशवीत करंजी. अंतरपाट दूर झाला तेव्हा सासूबाईंनी हातातला सगळा कापूस अक्षतांसारखा माझ्यावर उधळला. मग दोघी मिळून कॉफी प्यायलो आणि मी इतक्या खुशीत होते की संध्याकाळी भाजीत दोनदा मीठ घातलं.

पुढच्या बुधवारी सासूबाई म्हणाल्या, मीही येते. मी म्हटलं, चला. काय होणार होतं?

मंडळ भरलं. एकीनं मालकाच्या खांद्यांचं कौतुक केलं. मग एक सज्जन गृहस्थ म्हणाले की ती अबोरिजिनल मुलगी त्यांना फार आवडली, किती शांत, किती उदात्त, जणू ती भूमीच बोलत होती. सगळ्यांनी माना हलवल्या. माझी मैत्रीण उठून कोटाची बटणं लावायला लागली. खालून वर, एकेक, सावकाश. मला त्या बटणांचा अर्थ कळला.

तेवढ्यात सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "सांग की त्यास्नी. त्या दुसरीचं लगीन मला लई आवडलं म्हनावं. डाक्टर पोरगा लाखात एक."

नकार द्यायची सोय नव्हती. सगळे त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. मी सांगितलं.

आता आयरिश सभ्यता बघा. बारा माणसांपैकी एकानंही म्हटलं नाही की असं लग्न पुस्तकात नाही. बाईनं लाल चष्मा सावरला आणि म्हणाली, "ओह, ते फारच सुंदर होतं." मघाचे गृहस्थ म्हणाले, त्यांना तिथे भरून आलं होतं. एकजण म्हणाली, तिला वाटलंच होतं की युअर मॅन, म्हणजे तो विमानवाला, पुढे काहीतरी करणार. पानं मात्र सगळे टेबलाखाली गुपचूप उलटत होते.

"कितवं पान?" माझ्या मैत्रिणीनं विचारलं. शेवटच्या बटणावर तिचा हात थांबला होता.

मी माझ्या चहाकडे बघितलं. "ते छापलेलं नाही," मी म्हणाले. "ते मी लावलं."

ती परत खुर्चीत बसली. "सगळं सांग," ती म्हणाली.

सासूबाईंनीच सांगितलं, उभं राहून, हातवारे करत, आणि मी मागोमाग इंग्रजीत. पोह्यांपाशी मैत्रिणीनं तोंडावर हात ठेवला. भावुक मामापाशी तिनं टेबलावर डोकं टेकलं. पिशवीत करंजी घातलेल्या कांगारूपाशी ती इतकी हसली की बाईला तिच्यासाठी पाणी आणावं लागलं, आणि ती हसली म्हणून बाकीचेही हसले, गृहस्थ तर रुमालात. लायब्ररीच्या त्या खोलीत इतका दंगा मी पुन्हा ऐकला नाही.

मग तिनं डोळे पुसले. "साडी नेसवलीस तिला?"

"नऊवारी."

"फार छान दिसली असेल." ती अजून हसत होती, पण आता हळू. "पुस्तक लिहिणाऱ्या बाईनं तिला माती केली आणि तू तिला तुझी भावजय केलीस. तुझं मला जास्त आवडलं, खरंच. पण माझी ती अजून नाहीच आली."

मला लागलं ते. रागवायला जागा नव्हती, कारण तिचं बरोबर होतं. आणि तिनं बटणं सोडली नव्हती.

"काय म्हनती ती?" सासूबाई. "तुझं तोंड का उतरलं?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यावरच उखडल्या. "मग इचारलं का न्हाईस तिला? पोरीला इचारल्याबिगर स्थळ आनू ने. माझ्या बापानं आनलं व्हतं." त्यांच्या तोंडून हे मी आजवर ऐकलं नव्हतं, नवऱ्यानंही नसेल. मग त्या माझ्या मैत्रिणीकडे वळल्या आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "तुला कशी पायजे गं ती? तू सांग. ही नुस्ती बोलंल, मधे पदरचं घालनार न्हाई."

मैत्रिणीनं मी इंग्रजीत सांगायची वाट बघितली, मग थोडा विचार केला, आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

तेव्हापासून सासूबाईंच्या मुक्कामात दुपारच्या वाचनाला पुस्तक लागलं नाही. हॉस्पिटलातली पाळी संपली की ती आमच्याकडे यायची, वातींचा कापूस पिंजायला घ्यायची आणि गोष्ट सांगायची. तिची नायिका तिच्याच लोकांपैकी आणि महाआळशी. तिला उत्तर दिशा सापडत नाही. पाणी ती फक्त बाटलीतलं ओळखते. धुळीनं तिला शिंका येतात. ढगांकडे बघून ती म्हणते, "ढग आहेत." एका परिषदेसाठी ती डब्लिनला येते, बॉल्सब्रिजमधल्या एका भारी हॉटेलात उतरते, खोलीतच नाश्ता मागवते आणि तीन दिवस एकही शहाणं वाक्य बोलत नाही. लिफ्टमध्ये तिला वॉटरफोर्डचा एक डॉक्टर भेटतो. बळकट हातांचा, अर्थात. ती चुकून त्याच्या मजल्यावर उतरते, कारण तिला कुठलाच मजला सापडत नाही.

"आनि हिला मावश्या?" सासूबाईंनी पहिल्याच दुपारी विचारलं.

"भरपूर," मैत्रीण म्हणाली. गोष्टीतल्या मावश्या क्वीन्सलंडहून व्हिडिओवर यायच्या, एका वेळी पाच-सहा, आणि डॉक्टरला प्रश्न विचारायच्या. तुझे लोक कोण, कुठले, तुझी आजी कोण. सासूबाई खुर्चीच्या कडेवर आल्या. "आसंच इचारायचं अस्तंय," त्या मला म्हणाल्या, जणू इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एकदा त्यांनी तिच्याकडच्या लग्नातल्या एका रीतीबद्दल विचारलं. मैत्रीण म्हणाली, "ते नाही सांगायचं. ते आमच्या घरातलं आहे." मी घाबरत भाषांतर केलं. सासूबाईंनी मान डोलावली. "बरोबर हाय. घरातलं घरात." आणि कपात चहा ओतला.

मी मधे होते, आणि पदरचं काही घालायचं नाही हा नियम मला जड जात होता. रुखवत जिभेवर यायचं. डॉक्टरला एखादा भावुक मामा असावा असं मला आतून वाटायचं. पण जीभ चावून मी तिचीच वाक्यं सांगायचे, तिला पाहिजे तिथे थांबायचे, आणि हळूहळू मला ती आळशी बाई इतकी आवडायला लागली की नवरा तिच्याबद्दल शेजारीण असल्यासारखी चौकशी करायचा.

सासूबाईंच्या विमानाच्या आदल्या दुपारी गोष्ट शेवटाला आली. मेथीचे लाडू डब्यात, बॅगा दारात, बाहेर नेहमीचा पाऊस. हॉटेलच्या पायऱ्यांवर डॉक्टर उभा, टॅक्सी आलेली, मावश्या फोनवर श्वास रोखून. मैत्रिणीनं कापूस खाली ठेवला आणि एक वाक्य सांगितलं. साधं. मी तोंड उघडलं आणि घशाला कोरड पडली.

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

सवयीनं "मग ते बोलले" जिभेच्या टोकावर आलं होतं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. या एका वाक्यासाठी तिनं किती पुस्तकं संपवली होती ते मला ठाऊक होतं.

"मग त्यानं तिचा मुका घेतला," मी सासूबाईंना सांगितलं. कान तापले, पण सांगितलं. "तिनंही घेतला. सगळ्या मावश्यांसमोर."

सासूबाई वात वळत राहिल्या. ती पुरी झाली तेव्हा बोलल्या. "एवढे दीस ती मानसं नुस्ती बोलत न्हवती, त्ये मला कळत न्हवतं व्हय गं?" आणि मग, मैत्रिणीकडे बघत, "घेऊ दे बाई. लई वाट बघितली तिनं."

"काय म्हणाल्या?" मैत्रिणीनं विचारलं.

मी दोन्ही वाक्यं सांगितली, जशीच्या तशी. पहिल्याला ती खो-खो हसली. दुसऱ्याला उठली आणि पाठमोरी होऊन प्रेसमध्ये कप शोधायला लागली. कप टेबलावर होता, तिच्याच जागेपुढे, अर्धा भरलेला.